चारशेतला एक

आमच्या एवढ्याशा न्यू हॅम्पशरमध्ये
चारशे आमदार.
वर्षाचा पगार शंभर डॉलर,
त्यात गाडीचा एक धड टायर येत नाही.
म्हणून ज्याच्याकडे वेळ, तो उभा राहतो:
निवृत्त पोस्टमन, मधमाश्या पाळणारी बाई,
दंतवैद्य, रस्त्यावरचं बर्फ उपसणारा.
आणि प्रत्येकाच्या पत्रकावर एकच वाक्य,
सरकार लहान हवं, माणूस मोठा.
छापखानाही एकच असावा.

मी घोड्यांचे खूर तासते. तीस वर्षं.
घोडा तक्रार करतो ती पायाने,
लगेच कळते.
दोन हिवाळ्यांपूर्वी काँकॉर्डला कुणाच्या तरी डोक्यात आलं
की खूर तासायला परवाना पाहिजे,
सहाशे तासांचा वर्ग, वर फी.
वर्ग चालवणार होता
विधेयक मांडणाऱ्याचा मेहुणा.
ताकाला जाऊन भांडंसुद्धा लपवलं नाही त्यांनी.

त्या दिवसापासून वही घातली.
डावीकडे, काय बोलला.
उजवीकडे, कुठलं बटण दाबलं.
रात्री शेगडीपाशी बसून जुळवायचं.
जुळत नव्हतं.
घटनेवर हात ठेवून शपथ घेणारे
घटना वाचत होते लग्नपत्रिकेसारखी,
तारीख बघायची, जेवण आहे का बघायचं,
मग रद्दीत.

पान एकोणतीसवर एल्विन पीझली सापडला.
सिगारेट ओढत नाही,
पण तिच्यावर कर वाढवायचा म्हटलं तर, नाही.
रविवार चुकवत नाही चर्चचा,
पण रविवारी दुकानं बंद करायची म्हटलं तर, नाही.
शेरीफ त्याच्याच पक्षाचा, वर चुलतभाऊ,
वॉरंटाशिवाय कुणाच्या गोठ्यात शिरू द्यायचं का? नाही.
खुरांच्या परवान्याला तर नाहीच.
एकदा तीनशे बावन्न विरुद्ध एक.
तो एक हा.
खिशात घटनेची चोपडी, रबरबँड लावलेली,
त्याच रबरबँडखाली वाणसामानाची यादी.
मी शेजारणीला सांगितलं, सापडला गं,
जसं हरवलेलं वासरू सापडावं.

जुलैत ओढ्याला पूर आला
आणि माझ्या घराकडचा पूल गेला.
खासगी पुलांना तिजोरीतून मदत, असं विधेयक आलं.
मी एल्विनकडे गेले.
तो बर्फात घालायच्या जाळीच्या बुटांना वादी ओवत बसला होता,
ऐन उन्हाळ्यात.
"पूल कुणाचा?"
माझा.
"पैसे कुणाचे?"
मी गप्प.
"बर्लिनची गिरणी बंद झाली तिथल्या एखाद्या बाईचे," तो म्हणाला,
"तिला ओढाही नाही, पूलही नाही.
तिला काय सांगू?"
मला सांगायचं होतं, काहीही सांग.
सांगितलं नाही.

त्याने नाही दाबलं.
मी वहीत लिहिलं. डावी-उजवी जुळली.
पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत जुळली.

शनिवारी तो आला. एकाहत्तर वर्षांचा, गुडघ्याला पट्टा,
गाडीत स्वतःच्या पैशांच्या दोन फळ्या.
दिवसभर ओढ्यात उभा राहून ठोकल्या.
माणूस जाईल एवढं झालं.
व्हॅन जायची नाही.
कॉफी मी विचारली नाही.
त्यानेही मागितली नाही.
जाताना उरलेले खिळे मोजून डब्यात टाकले,
डबा घेऊन गेला.

नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये पडद्याआड
दोरीला बांधलेली पेन्सिल,
आणि त्याचं नाव, वरून चौथं.
इतका वेळ उभी होते
की बाहेरच्या बाईने खाकरून विचारलं, ठीक आहेस ना?

व्हॅन अजून ओढ्याच्या पलीकडे लावते.
कानशी, चिमटे, ऐरण, सगळं दोन खेपांत आणते.
डावी फळी करकरते.
उजवी नाही.
वहीत माझ्या नावाचं पान घातलेलं नाही अजून.