शीग

गंगावेशीत रात्री म्हशी येऊन उभ्या राहतात
तेव्हा आप्पांचा हात आधी कासेवर, मग ग्लासावर.
फेस काठाला आला की ते आणखी एक धार मारतात,
हिशोबाबाहेरची.
तालमीतली पोरं पांढऱ्या मिशा पुसत
दुसरा ग्लास मागतात.

त्याच आप्पांच्या घरात
फ्रीजवर, देव्हाऱ्याच्या उंचीला,
निळा डबा आहे.

एक किलो सहाशे चाळीस ग्रॅमची मुलगी
सीपीआरच्या काचेत एकोणीस दिवस राहून आली
आणि माझं दूध त्या एकोणीस दिवसांत
कुठल्या वाटेनं गेलं, कळलं नाही.
डिंक झाला, शतावरी झाली, हळिवाचे लाडू झाले.
परवीन सिस्टरनं पंप दिला, शेजारी बसून धीर दिला.
बाटलीच्या तळाला जे जमलं
ते आप्पांनी एकदा उजेडात धरून बघितलं
आणि काही न बोलता गोठ्यात गेले.

काकी आली. "मी सांगतो तुला," म्हणाली,
"दारात पाच म्हशी आणि पोरीला पावडर?
गल्ली हसंल की गं."

डब्यावर मोठ्या अक्षरात आहे:
आईचं दूध बाळासाठी सर्वोत्तम.
इंग्रजीत आहे, हिंदीत आहे.
मराठीत नाही.
मराठीतलं काकी बघते.

आप्पांनी चष्मा लावून डबा फिरवला.
डेअरीच्या चिठ्ठ्या वाचून तयार झालेली नजर.
"फॅट किती?"
कालवल्यावर साडेतीन.
"आपल्या रत्नीला सात लागतो." जरा छाती काढून.
"प्रोटीन?"
दीड.
"आपलं चार."
हे चारच तिला झेपायचे नाहीत, आप्पा,
डॉक्टर म्हणाले, तिची मूत्रपिंडं अजून
शेंगदाण्याएवढी आहेत.
तिला सध्या उचकी हीच मोठी कुस्ती.
आणि लोह. डब्यात घातलंय.
रत्नीच्या दुधात नसल्यातच जमा.

हे मात्र त्यांना लागलं.
चाळीस वर्षं ज्याच्यावर मांड्या घडवल्या
त्यात लोखंड नाही!

बोट खाली सरकत गेलं:
जस्त, आयोडीन, कोलिन, ड जीवनसत्त्व,
सूर्यफुलाचं तेल.
"दुधात तेल?"
हो.
"आणि पाणी?"
पाणी आधी. उकळून घेतलेलं. साठ मिली.
मग दोन चमचे. सपाट.

घरात कुणी बोललं नाही.
या घरातल्या दुधात पाणी पडलेलं नाही.
एकदा कुणी तसा संशय घेतला, तर आप्पांनी
अख्खी किटली त्याच्या उंबऱ्यावर उपडी केली होती
आणि आठवडाभर जेवताना
मान वर केली नव्हती.

त्या रात्री कट्ट्यावरून आल्यावर
त्यांनी साबणानं दोनदा हात धुतले.
बाटलीची रेघ डोळ्यांसमोर धरून पाणी मापलं.
चमचा भरला. सवयीनं शीग राहिली.
माझ्याकडं बघितलं.
सुरीच्या पाठीनं शीग काढताना
त्यांचा हात कापत होता,
गिऱ्हाइकाच्या मापातून चोरताना
कापला असता तसा.

ती पन्नास प्याली.
आणि हनुवटीवर एक थेंब ठेवून झोपली.

उरलेलं ठेवायचं नाही, असंही डब्यावर आहे.
आप्पा बाटली घेऊन मोरीपाशी उभे राहिले.
उभेच राहिले.
मग मागच्या बाजूला गोठ्यातला दिवा लागला.

सकाळी मी रतिबाची वही उघडली.
बागवान, सरनोबत, कोपऱ्यावरचे शिकलगार,
त्यांच्या खाली आप्पांच्या ठळक अक्षरात:
बारसं व्हायचंय. साठ.
पैकी दहा रेडकाला.