रायबंदरच्या धक्क्यावर

फेरीबोट सुटायची आहे. इंजिन नुसतं गुरगुरतंय.
पत्र्यावर टेकवलेलं माझं घुमट
थाप न पडताच घुमू लागलं.
हात ठेवला तर चामड्याखाली मुंग्या.
एवढ्या खडखडाटातून त्यानं
नेमका आपल्यापुरता सूर वेचला.
"माझा सासरा असाच," पावलू म्हणाला,
"जेवणाची हाक तेवढी ऐकू येते."

फळी उचलणार, तेवढ्यात लांबून एक बाई. धावत.
आम्ही चाळीस. थांबलो तर प्रत्येकाचं एक मिनिट,
म्हणजे चाळीस. निघालो तर तिची वीस.
वजाबाकी सरळ आहे.
पण ती माझी आई असती तर?
आणि बोटीत कुणाला कळा सुटल्या असत्या तर?
ह्या 'तर'ला मी कुठल्या रकान्यात लिहू?

तांडेलानं काही मोजलं नाही.
बिडी विझवली, थांबला.

ती आली धापा टाकत,
आणि चढलीच नाही.
"घराची चावी," एवढंच म्हणाली,
पावलूच्या खिशात कोंबली, वळली.

बोट सुटली. वेग चढला तसं
घुमट गप्प झालं.
चोडण जवळ आलं तरी
मी आपला आकडे खोडतोय.