साठ पैशांचा श्वास

मेडिकलच्या काउंटरवर मी त्याला हिशेब मांडून दाखवला होता.
इथे, मालवणच्या जेटीवर,
हवेचा रुपया पूर्ण रुपयाला चालतो.
तू जिथे पाठ टेकणार आहेस
तिथे त्याच रुपयाचे साठ पैसे हातात येतात.
छाती तीच, भातेही तेच,
घोट मात्र पाणी घातलेल्या दुधासारखा.

लवू हसला.
"गो बाय, तू माका दाब शिकवतंस?"
रोज पंधरा-वीस पाहुण्यांना तो हात धरून
किल्ल्यामागच्या प्रवाळापर्यंत नेतो,
त्यांचे कान दुखायच्या आधी ओळखतो,
वर येताना पंजा हलवून सांगतो : सावकाश,
आपल्याच बुडबुड्यांच्या पुढे जायचं नाही.
हे ज्याला येतं
त्याला मी अजून काय सांगणार होते?

तरी सांगितलं.
मनाली सोडलीत की जिस्प्याला थांबा, दोन रात्री.
दिवसा हवं तेवढं वर भटका, झोपायला खाली या.
पाणी प्या. बाटली नको.
ती बाटली, तुला कळतंय कुठली.
डॉक्टर पेडणेकरांनी लिहिलेल्या गोळ्या आदल्या दिवसापासून घ्या.
डोकं दुखलं तर प्रवासाच्या शिणावर ढकलू नका,
आणि दुखतंय तोवर एक पाऊलही वर नाही.
कुणी लडबडायला लागला
तर उजाडायची वाट बघू नका.

लवू मोबाईलवर बुटांचे फोटो बघत होता.
फर्नांडिसांचा बस्त्याव कोपऱ्यातल्या स्टुलावर
लिमलेटची गोळी चघळत होता.
त्याचं लक्ष असेल असं मला वाटलं नव्हतं.

जिस्पा त्यांनी दुपारीच मागे टाकलं.
ऊन होतं, रस्ता मोकळा,
आणि गाड्या काय सुरेख पळत होत्या, म्हणे.
पुढच्या मुक्कामाचं नाव झिंगझिंगबार.
नावालाच पोरं अर्धा तास हसली.

रात्री लवूने ताट सारलं.
"काय नाय रे, डोक्या वायच जड झालाहा."
मग उलटी.
मग तंबूभर मोजे शोधले,
मोजे हातातच होते,
आणि ते दाखवल्यावर चिडला.

बस्त्यावने त्याला बाहेर आणलं,
टॉर्चच्या उजेडात बुटाने धुळीत रेघ ओढली.
टाचेला चवडा लावत चाल. दहा पावलं.

माझा भाऊ.
आठव्या वर्षापासून होडीच्या काठावरून,
खाली लाट, हातात टोपली,
नाळेपर्यंत बघता बघता जाणारा,
सपाट जमिनीवर,
कणभरही न हलणाऱ्या जमिनीवर
तिसऱ्या पावलाला कलला.

बस्त्याव वाद घालत बसला नाही.
गोळ्यांची पट्टी लवूच्या खिशात होती, एकही न फोडलेली.
लेहकडून रिकामा परतणारा ट्रक त्याने हात पसरून अडवला,
मध्ये लवूला बसवलं, दोन चादरींत,
आणि झोपू दिलं नाही.
हजारेक मीटर खाली आल्यावर
लवूने विचारलं, आपण खय आसव?
त्या रात्रीचं ते पहिलं शहाणं वाक्य, बस्त्याव सांगतो.
पहाटे केलांगच्या इस्पितळात
नळीतून पूर्ण रुपया.

त्या रात्री मी इथे गाढ झोपले होते.
पंखा, गाज, सगळं नेहमीसारखं.
हे मी कुणाला सांगत नाही.

आता लवू पाहुण्यांना पाण्यात नेण्याआधी जास्त बोलतो.
परवा एकाला म्हणाला,
डोंगरांची उंची मोजतात ती समुद्रापासून,
म्हणजे आमच्या उंबऱ्यापासून.
आणि माझ्याकडे न बघता :
"उतराक लाज कसली? आमचा पोटच उतरण्यावर चलता."

सीझनला दुकानात पोरं येतात, लडाखला निघालेली,
त्या गोळीचं नाव चुकीचं सांगतात.
मी आधी डॉक्टरकडे पाठवते,
मग फरशीच्या सांध्यावरून चालायला लावते,
टाच, चवडा, टाच.
ती एकमेकांना ढकलत हसतात.
मी बघत असते, कोपऱ्यातलं कोण हसत नाहीये.
त्याला जाताना एक लिमलेट देते.
पैसे घेत नाही.