तीनशे ऐंशी कारपेट

मुलुंड पूर्व, चौथा मजला. लिफ्ट आहे,
पण रात्री अकरानंतर तिचं काही खरं नाही.
सावलाशेठ चपला न काढता आत शिरले,
"कारपेट तीनशे ऐंशी."
आमच्याकडे गालिचा नाही. एक चटई आहे,
ती उलगडली की हॉल संपेल.

भाडं अडतीस. डिपॉझिट दीड लाख.
शेठचं एका महिन्याचं.
कराराचे, स्टॅम्पचे, पोलीस पडताळणीचे वेगळे.
सामान चढवायचे सोसायटीला तीन हजार,
उतरवायचेही तीनच,
तेही आत्ताच सांगून ठेवतात.

हरेश्वरने मोबाइलवर बेरीज केली.
मग पुन्हा केली,
दुसऱ्यांदा कमी भरेल म्हणून.

तोवर मी ओट्याशी.
हात टेकले, आणि
खांदे उचलावे लागले नाहीत, वाकावं लागलं नाही.
बारा वर्षं कुणा दुसऱ्याच बाईच्या उंचीवर
मी पोळ्या लाटत आलेय.
आवडलं की तोंड पाडायचं,
हे सातव्या घरात शिकले.
"नळ गळतोय," मी मोठ्याने म्हटलं.
हरेश्वरला कळलं. "पस्तीस," तो म्हणाला.

शेठ हसले. मग आवाज उतरवून, "मासे?"
"बुधवार, रविवार."
"खिडकी लावून घ्या मग.
आणि भिंतीत खिळा नाही. करारात आहे, कलम नऊ."

बेडरूमच्या भिंतीत एक होता.
आधीच्यांचा, वरून रंग फासलेला,
अकरा महिन्यांपुरता कुणीतरी ठोकलेला.
मी त्याला पाठ लावून उभी राहिले
छत्तीसवर सौदा जमेपर्यंत.