उमेदवार

कलिन्याला, दुसऱ्या मजल्यावर, खोली क्रमांक चौदा.
फळ्यावर कुणाचं तरी कालचं मुघल महसुलाचं अर्धवट गणित.
डस्टर सापडलं नाही, म्हणून त्याच्याच खाली
ताम्हाणेबाईंनी लिहिलं:
इतिहासाचे विद्यार्थी आणि पुढच्या वाटा.

एकोणीस जण आलो होतो. चहा फुकट होता.

बाई म्हणाल्या, समजा लिफ्टमध्ये भेटलाय कुणी मोठा माणूस,
दोन मिनिटांत सांगा त्याला तुमचा विषय.
इक्बाल मुकादम म्हणाला, मॅडम, आमच्या बिल्डिंगची लिफ्ट
दोन वर्षं बंद आहे.
हसले सगळे. बाईही.
मग तो गलबतांवर बोलला, खलाशांच्या उचलीवर,
आणि दोन मिनिटं संपली तेव्हा
त्याचं गलबत अजून हर्णैच्या खाडीतच होतं.

कौशल्यं लिहा, म्हणाल्या, कुठंही चालतील अशी.
मी लिहिलं: मोडी वाचता येते.
खोडलं.
लिहिलं: अवघड मजकुरातून माहिती काढता येते.
खोटं नव्हतं,
पण वाक्यातली वाळवी निघून गेली होती.

तीन वर्षं तासिका तत्त्वावर, जून ते मार्च:
याला अध्यापनाचा अनुभव म्हणायचं.
एप्रिल-मेला काय म्हणायचं
ते मी विचारलं नाही.

मागच्या बुधवारी फोर्टात, पुराभिलेखागारात,
मिठावरच्या जकातीचा रुमाल सोडला
तर आत भलताच कागद.
सेवेशी विज्ञापना ऐसी जे,
धाकजी त्रिंबक धराधर, साडेतीन वर्षे
जकात कचेरीत उमेदवारी करितो, विनावेतन.
अमुक कारकून मयत जाहला, ती असामी मला मिळावी.
अक्षर मोत्यासारखं. लेखणी कुठं उचललेली नाही.
कडेला, दुसऱ्या हातानं: नोंद घेतली.

उमेदवार म्हणजे तेव्हा
ज्याला बसायला जागा मिळते, नाव पटावर येत नाही, तो.
परवा विद्यापीठाच्या फॉर्मवर वाचलं:
उमेदवाराने सर्व रकाने भरावेत.

त्याचा दुसरा अर्ज त्याच रुमालात, तळाशी.
तोच मायना, तीच विज्ञापना,
अक्षर थोडं बारीक झालेलं. कागद वाचवत असेल.
मोडीत लेखणी उचलत नाहीत म्हणतात,
या दोन अर्जांच्या मध्ये
चौदा महिने उचललेली होती.
तिसरा मी शोधला. तीन रुमाल सोडले, बांधले,
साडेपाचला शिपाई दिवे घालवायला लागला.
नाही.

माझ्या प्रबंधात तो बसत नाही.
माझा विषय मीठ.
सर म्हणाले, तळटीपेतही नको, फाटे फुटतात.

माझी पाळी आली तेव्हा
मी मिठावर बोलायला उभी राहिले
आणि धाकजीवर बोलले.
पूर्ण दोन मिनिटं, मयत कारकुनासकट.
जोसफिन डाबरेनं विचारलं, मग मिळाली का जागा?
पंख्याचा आवाज आला.
माहीत नाही, मी म्हटलं. कागद संपतो.

बाईंनी घड्याळ पाहिलं नाही.
म्हणाल्या, हं. पुढचं कोण?

शेवटी अभिप्रायाचा कागद फिरला.
सगळे कँटीनकडे गेले.
बाई कप एकात एक रचत होत्या,
म्हणाल्या, माझीही पीएचडी इतिहासातलीच.
तोफखान्याच्या हिशेबांवर.
मी म्हटलं, मग?
मग काय, अशा कार्यशाळा घेते. दर कार्यशाळेमागे मानधन,
तेही सहा महिन्यांनी येतं.
बिस्किटं उरलीत, घेऊन जा.

मी पुडा पिशवीत टाकला, मोडीच्या कोशावर.
दिवा घालवताना फळ्याकडे लक्ष गेलं.
मुघलांच्या गणितात हातचा एक
कुणीतरी विसरलं होतं.
खडू होता. मी तो मिळवला.