भोकं शोधण्याची रात्र

आधी बाहेरचा सगळा उजेड मालवायचा.
ट्रकचे दिवे, शेगडी,
टेओच्या ओठातलं सिगारेटचं टोकसुद्धा.
मग मी बूट काढते, लोकरीचे मोजे चढवते एकावर एक,
आणि बॅटरीचा कंदील घेऊन
शिरते जहाजाच्या पोटात.

नव्वद मीटर लांब पोट.
आज नुसती पंख्याची हवा भरलीय,
हेलियम तालमीला परवडत नाही.
पायाखाली सायीसारखं पातळ प्लास्टिक,
मी चालते,
झोपलेल्या माणसाच्या पापणीवरून चालावं तशी.

बाहेर नेवाडाच्या कोरड्या तळ्यावर
सहा माणसं काळोखात उभी.
जिथे ठिणगी दिसेल तिथे भोक.
"ग्राशी, थांब! डावीकडे, गुडघ्याएवढ्या उंचीवर!"
वेंडेल ओरडतो.
मी थांबते. बाहेरून कुणाचं तरी बोट
ठिगळ दाबतं,
आणि माझ्या बाजूने
त्या बोटाचा फुगवटा दिसतो, मग नाहीसा होतो.

वेंडेल एकाहत्तरचा. अल्फाल्फाच्या शेतांवर
विमानातून औषध फवारण्यात आयुष्य गेलं.
म्हणतो, रॉकेट म्हणजे दारावर लाथ.
आपण कडी वाजवू.
एक जहाज इथून वर जाईल,
आकाश भरदुपारी काळं असतं तिथवर.
तिथे तरंगता धक्का.
धक्क्यावर बांधायचं दुसरं, मैलभर लांब,
इथल्या वाऱ्यात जे घटकाभरही टिकणार नाही.
ते निघेल विजेच्या फुंकरीवर,
आज थोडं, उद्या आणखी थोडं,
नऊ दिवस,
पडणं आणि जाणं
एकच होईपर्यंत.

रिनोहून एक इंजिनिअर आला होता.
आमचं मटण जेवला, दोनदा वाढून घेतलं,
आणि कागदी रुमालावर लिहून गेला:
जी हवा उचलेल तीच धरून ठेवेल.
खाली चार ओळींचं गणित.
वेंडेलने तो रुमाल दाराला ठोकलाय.
उत्तर अजून नाही.
खिळा मात्र चांगला लांब आहे.

माझा आजोबा नवाराच्या डोंगरातून आला सोळाव्या वर्षी,
दोन हजार मेंढ्यांमागे, इंग्रजीचा एक शब्द नसताना.
उन्हाळाभर बोलायला कुणी नाही,
म्हणून अॅस्पेनच्या पांढऱ्या सालीवर नाव लिहायचा.
मी आठ वर्षांची, चाकू माझ्या हातात,
आणि त्याचा हात माझ्या मनगटावर:
खोल नको.
खोल गेलीस तर झाड अक्षर गिळून टाकतं.
केसाएवढी रेघ ओढ आणि निघून जा.
लिहायचं काम झाड करतं.
त्याची रेघ काळी, रुंद, वाचण्याजोगी झाली
तेव्हा ती वाचायला
माझी आई गेली होती.

हे मी वेंडेलला कधी सांगितलं नाही.
तो लगेच जहाजावर रंगवेल.

चाळीस ठिगळं झाली. एक्केचाळीस.
गेल्या वर्षीचं जहाज अठ्ठावीस किलोमीटरवर फाटलं,
कुणाच्या तरी बटाट्यात उतरलं.
शेतकऱ्याने बिल पाठवलं, सोबत एक बटाटा.

तेवढ्यात टेओ:
"वर! अगदी वर, पाठीच्या कण्याजवळ!"
मी कंदील उंच धरते.
"नाही, पुढे. आणखी पुढे. ग्राशी, भोक सरकतंय!"

मग कुणीच बोलत नाही.
पंख्याची घरघर तेवढी.
आत मला काही दिसत नाही,
माझाच उजेड प्लास्टिकवरून परत येतो.
मी कंदील विझवते.
सहा माणसं, माना वर करून,
कुणाचा तरी उपग्रह
जहाजाच्या पाठीवरून
उत्तरेकडे जाताना बघत असणार.

"त्याला राहू दे," वेंडेल शेवटी म्हणतो.
"बाकीची किती झाली?"

एक्केचाळीस, मी ओरडते.
पहाटे चारला वारा पडेल.
मोज्यांना भोक पडलंय, अंगठ्याशी,
आणि सुई ट्रकमध्ये राहिली.