किरकोळ जमा

पहिल्या दिवशी ती तळघरात उतरली
तेव्हा कोपरापर्यंत करडे हातमोजे होते,
आणि माझा बाप बॉयलरच्या तोंडातून राख ओढत होता.
तो उठला नाही. वाटलं, बाई वाट चुकली असेल.
"मी मिसेस टेन आइक. आजपासून ही इमारत माझ्याकडे."
मालकीची नव्हे, सांभाळायला. महिना साठ डॉलर
आणि मागच्या दोन खोल्या, जिथे ऊन
समोरच्या भिंतीवरून उष्टं होऊन यायचं.

लोक सांगायचे, हिच्या घरी जेवायला बसलं की
एकेका ताटाशी अकरा काटे-चमचे.
नवऱ्याने आधी बँक बुडवली, मग स्वतःला.
ती यातलं काही बोलली नाही.
विचारलं एवढंच: कोळशाचा टन
खरंच दोन हजार पौंड भरतो का?
भरत नव्हता.
कोळसेवाल्याने त्या हिवाळ्यात
पहिल्यांदा टोपी काढून हिशेब दिला.

एकाहत्तर बिऱ्हाडं. कुणाचा नळ रात्री रडतो,
भाड्याच्या आदल्या दिवशी कोण आजारी पडतं,
पाचव्या मजल्यावरचे व्हायोलिन-मास्तर तीन महिने थकले
तर त्यांना कुठल्या शब्दांत विचारायचं,
हे तिला कुणी शिकवलं?
मेजवानीत कुणाशेजारी कुणाला बसवायचं नाही
हे कळलं की बाकीचंही कळत असेल.
बाप म्हणायचा, छे, भुकेने कळतं.

मी नऊ वर्षांची. दारांच्या पितळी मुठी पुसायचे,
एका मुठीला अर्धा सेंट.
एक फरवाली बाई जागा बघायला आली.
मिसेस टेन आइकने खिडक्या उघडल्या, कपाटं दाखवली,
गरम पाण्याचा नळ सोडून धरला, वाफ येईस्तोवर.
त्या बाईने तिच्याकडे एकदा पाहिलं, मग पुन्हा,
मग खिडकीबाहेर नदीकडे, फार वेळ.
आणि निघताना
पाव डॉलर तिच्या तळहातावर ठेवला.

मी पुसायची थांबले. आता रडेल, नाहीतर फेकेल.
तिने वही काढली, तारीख घातली.
किरकोळ जमा, पंचवीस सेंट.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन अडखळलं,
शाईचा एक थेंब पडला. तो तिने टिपला.
दुसऱ्या दिवशी खर्चाच्या बाजूला:
व्हायोलिनची तार, एक.
मास्तरांचं भाडं तरीही थकलेलंच.

फरवाल्या बाईने ती जागा घेतली.
अठरा वर्षं राहिली, तक्रार एकच,
आमच्याकडे गरम पाणी फार उशिरा येतं.
बाप व्हॉल्व्हकडे बघायचा, मग मिसेस टेन आइककडे.
"पाइप लांब आहे," ती म्हणायची.